काराकोरमचा जमाखर्च



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर भूगोल शिकवत. वर्गात कुणी ‘हिमालयात असं असतं’ म्हणालं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, ‘हिमालयात म्हणजे कुठं?’ अडीच हजार किलोमीटर लांबीच्या गोष्टीचा एका वाक्यात निकाल लावणाऱ्याला ते सरळ नकाशापुढे उभं करत. आज हिमनद्यांवर बोलायचं ठरलं तेव्हा तो धाक मनात होता. म्हणून अख्ख्या हिमालयाला हात न घालता त्याच्या पाठीमागची एकच रांग घेतली आहे, काराकोरम. शाळेच्या पुस्तकात तिची दोन ओळींत बोळवण होते. के-२ हे शिखर, सियाचीन ही हिमनदी, आणि पुढचा धडा.

लेहहून उत्तरेला खार्दुंग ला ओलांडून उतरलं की श्योक आणि नुब्रा या नद्यांची खोरी लागतात. नुब्राच्या पलीकडे जी भिंत उभी राहते ती काराकोरम. तिथून ती वायव्येला सुमारे पाचशे किलोमीटर जाते आणि करंबर नदीपाशी हिंदुकुशाच्या हद्दीला लागते. दक्षिणेला श्योक आणि सिंधू, उत्तरेला शक्सगाम आणि यारकंद. आपल्या नकाशावर यातला बहुतेक भाग आपला. प्रत्यक्षात गिलगिट-बाल्टिस्तान पाकिस्तानच्या ताब्यात, शक्सगामचं खोरं चीनच्या. आठ हजार मीटरच्या वरची जगातली चौदा शिखरं, त्यांतली चार इथे आहेत. सर्वांत उंच के-२, ८,६११ मीटर. हे नाव म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या वहीतला अनुक्रमांक. १८५६ मध्ये माँटगोमरी या अधिकाऱ्याने काश्मीरमधल्या हरमुख पर्वतावरून दुर्बिणीतून ही शिखरं टिपली आणि ‘काराकोरम १’, ‘काराकोरम २’ अशी नोंद केली. पहिल्याला पुढे माशरब्रुम हे स्थानिक नाव मिळालं. दुसरं इतकं आत, इतकं वस्तीपासून दूर की अनुक्रमांकच त्याला चिकटून राहिला.

भूशास्त्राच्या दृष्टीने काराकोरम आपल्या भूखंडाचा नाही. तो आशियाचा जुना दक्षिण काठ आहे. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हा होऊन पसरत होता तेव्हा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. पुढे साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला जाऊन भिडला. मधल्या समुद्रात ज्वालामुखी बेटांची एक रांग होती, ती या दोघांच्या कचाट्यात सापडली. आजचं कोहिस्तान आणि लडाखची रांग हे तिचे अवशेष. रेटा अजून चालूच आहे, वर्षाला काही सेंटिमीटर. या रेट्याने इथे जो उभा चढ तयार झाला आहे त्याला पृथ्वीवर तोड कमी. हुंझा नदीच्या काठावरून राकापोशी शिखर पाहिलं तर अकराएक किलोमीटरच्या आडव्या अंतरात जमीन पाच हजार आठशे मीटर चढते. आपलं कळसूबाई शिखर साडेतीन वेळा एकावर एक ठेवलं तर ही उंची गाठेल.

आता पाण्याकडे येतो, कारण आजचा खरा विषय पाणी आहे.

लेहला वर्षभरात साधारण शंभर मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, गिलगिटला त्याहून थोडा अधिक. आषाढात महाबळेश्वरला एवढा पाऊस एका दिवसात होतो. नुब्राच्या तळाशी, हुंदर गावापाशी, वाळूच्या टेकड्या आहेत. आणि त्याच खोऱ्याच्या माथ्यावर, पाच हजार मीटरच्या पुढे, वर्षाला एक ते दोन मीटर पाण्याइतका बर्फ साठतो. खाली वाळवंट, वर बर्फाचं भांडार, आणि दोहोंमध्ये दिवसभराची चाल. वारे उंच भिंतींवर चढताना आपली ओल वरच टाकतात. दरीत उतरते ती कोरडी हवा. ध्रुवांकडचे प्रदेश सोडले तर जगातल्या सर्वांत लांब हिमनद्यांपैकी बहुतेक इथे आहेत. सियाचीन सुमारे ७६ किलोमीटर, बियाफो ६७, बाल्टोरो ६३. बियाफो आणि हिस्पर या दोन हिमनद्या माथ्यावर पाठीला पाठ लावून आहेत; बर्फावरून चालत एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाता येतं, शंभर किलोमीटरहून अधिक. हुंझातल्या बटुरा हिमनदीचं तोंड तर सुमारे अडीच हजार मीटरपर्यंत खाली येतं. जर्दाळूच्या बागा आणि हिमनदी एकाच नजरेत मावतात.

हा बर्फ येतो कुठून? आपल्याला सवय मोसमी वाऱ्यांची. आकाशातून जे पडेल ते जून ते सप्टेंबरमध्ये. काराकोरमचं पंचांग वेगळं आहे. तिथल्या उंचावरच्या बर्फापैकी सुमारे दोन तृतीयांश बर्फ हिवाळ्यात आणि वसंतात पडतो, भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनकडून येणाऱ्या वादळांतून. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, गहू-हरभरा आडवा झाला की बातम्यांत ‘पश्चिमी चक्रावात’ हा शब्द येतो. ती वादळं याच कुळातली. आपल्याकडे त्यांचं शेपूट पोचतं आणि रब्बीचा घास हिरावून नेतं. काराकोरमला त्यांच्यावरच जगायचं असतं.

हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद इथे उलगडतो.

हिमनदीचा हिशेब हा जमाखर्चाचा हिशेब आहे. वर जमा, खाली खर्च. नेपाळ-सिक्कीमकडच्या हिमनद्यांत जमा आणि खर्च या दोन्ही गोष्टी एकाच हंगामात होतात, पावसाळ्यात. तिथे तापमान थोडं चढलं की दुहेरी मार बसतो. बर्फ वितळतो जास्त, आणि जो नवा बर्फ पडायचा तो पाणी होऊन पडतो. काराकोरममध्ये जमा कडाक्याच्या थंडीत होते. उणे पंचवीसचं उणे तेवीस झालं तरी पडायचा तो बर्फच पडतो. उन्हाळ्यात वितळतो, पण तेव्हाही मधूनच ढग येतात, ऊन झाकतात, वर ताजा पांढरा थर टाकून जातात.

कॅनडातले भूगोलतज्ज्ञ केनेथ ह्यूइट यांनी अनेक दशकं या हिमनद्यांवर काढली. २००५ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. जगभर हिमनद्या आक्रसत असताना मध्य काराकोरममधल्या काही वाढत आहेत, असं निरीक्षण त्यात होतं, आणि शीर्षकात ‘काराकोरमचा अपवाद’ असं म्हणून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेलं होतं. ते प्रश्नचिन्ह मला फार आवडतं. पुढच्या लोकांनी ते बिनदिक्कत काढून टाकलं.

२०१२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी उपग्रहांच्या मोजणीतून आकडा दिला. १९९९ ते २००८ या काळात मध्य काराकोरमच्या हिमनद्यांची जाडी पाण्याच्या हिशेबात वर्षाला सरासरी ११ सेंटिमीटरने वाढली. मोजमापातली अनिश्चितता अधिक-उणे २२ सेंटिमीटर. म्हणजे अनिश्चितता आकड्याच्या दुप्पट! प्रामाणिक वाचन एवढंच, की या काळात इथला जमाखर्च साधारण जुळत होता. बाकीच्या जगात तो सपाटून तुटीत असताना जुळणं हीही मोठी बातमी आहे. पण मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत तिचं काय झालं, ते तुम्ही पाहिलंच असेल: ‘हिमनद्या वाढताहेत, तापमानवाढ हे थोतांड!’ दुसऱ्या बाजूची घाईही काही कमी नव्हती. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं वाक्य आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात शिरलं होतं. त्याला आधार नव्हता, आणि जानेवारी २०१० मध्ये समितीला ते मागे घ्यावं लागलं. दोन्हीकडे रोग एकच, ‘कुठं?’ हे न विचारण्याचा.

मला विचाराल तर काराकोरमला अपवाद म्हणणंच मला पटत नाही. जे नियम गंगोत्रीला लागू आहेत तेच बाल्टोरोला आहेत. उष्णता, हिमवृष्टी, उंची, उतार, सावली, दगड. घटक तेच, फक्त त्यांची बेरीज निराळी येते. ती का निराळी येते याची कारणं बरीच पुढे आली आहेत. हिवाळी बर्फाचं मी सांगितलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या सिंधू खोऱ्यातल्या काही केंद्रांवर उन्हाळ्याचं तापमान चक्क उतरलेलं दिसतं. तारीमच्या खोऱ्यात चीनने वाढवलेल्या सिंचनामुळे हवेत ओल वाढली आणि तीच या डोंगरांवर बर्फ होऊन पडते, असाही एक तर्क आहे. यातलं एकटं कुठलंच कारण पुरं पडत नाही, आणि त्यात काही वावगं नाही.

आणखी एक कारण पायाखाली असतं. हिमनदी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पांढरंशुभ्र काही येतं. बाल्टोरोच्या खालच्या भागात उभा राहिलेला माणूस मात्र एखाद्या दगडखाणीत आल्यासारखा बावचळतो. जिकडे पाहावं तिकडे राडारोडा. घराएवढ्या शिळांपासून राखाडी मातीपर्यंत. कडे इतके सरळ की त्यांच्यावरून बर्फ आणि दगड एकत्रच कोसळतात. इथल्या कित्येक हिमनद्यांचं पोषणच मुळी हिमकडे कोसळून होतं. बर्फ आहे तो या दगडांच्या खाली, आणि तो चालतो आहे. वरच्या भागात वर्षाला शंभर-दोनशे मीटर.

या राडारोड्याचं काम समजायला हिमनदीवरचं ‘टेबल’ पाहावं. एखादी सपाट मोठी शिळा बर्फावर पडलेली असते. भोवतालचा बर्फ उन्हाने वितळत खाली जातो, शिळेखालचा तिच्या सावलीत टिकतो. काही आठवड्यांनी ती शिळा बर्फाच्या खांबावर उचलली जाते, कधी माणसाच्या छातीइतकी उंच. ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून खांब त्या बाजूने जास्त झिजतो, शिळा दक्षिणेकडे कलते आणि एके दिवशी घसरून पडते. मग नवीन जागी हाच खेळ पुन्हा सुरू. अशी कललेली टेबलं पाहून ढगाळ दिवशीही दिशा सांगता येते. जे एका शिळेचं, तेच सबंध थराचं. दगडमातीचा जाड थर बर्फाला झाकून ठेवतो. मात्र थर दोनेक सेंटिमीटरचा, नुसती काळी माती असेल तर उलटं होतं. तो ऊन शोषतो आणि वितळणं वाढवतो. शिवाय जाड थरातही मधे मधे बर्फाचे उघडे कडे आणि निळी डबकी असतात, आणि तिथे बर्फाची झीज झपाट्याने होते. तेव्हा ‘दगडांनी झाकलंय, चिंता नको’ असा निष्कर्षही काढायचा नाही.

आता या हिमनद्यांच्या सर्वांत विलक्षण सवयीकडे वळतो. त्या मधूनच मुसंडी मारतात.

हिमनदीचं तोंड वर्षानुवर्षं मेल्यासारखं पडून असतं. वर मात्र बर्फ साठत राहतो, थर चढत जातो, उतार तीव्र होत जातो. बर्फाच्या तळाशी पाणी असतं, आणि त्याच्या निचऱ्याच्या वाटा असतात. त्या बुजल्या की पाणी कोंडतं, दाब वाढतो, बर्फाची खडकावरची पकड सुटते आणि साठलेला सगळा बर्फ खाली झेपावतो. काही ठिकाणी तळाचा गोठलेला बर्फ उबेने सुटा होऊनही हेच घडतं. १९५३ मध्ये हरामोशजवळच्या स्ताक खोऱ्यात कुतिया हिमनदी सुमारे तीन महिन्यांत बारा किलोमीटर पुढे आली. सरासरी काढली तर दिवसाला शंभर मीटरच्या वर. हिमनदीच्या चालीचा हा विक्रम मानला जातो.

इथे एक खाचखळगा आहे. मुसंडी मारलेल्या हिमनदीचा फोटो दाखवून ‘बघा, वाढली’ म्हणणारे असतात. ती वाढलेली नसते. वरचा बर्फ खाली आलेला असतो, खजिन्यातली शिल्लक खर्चाच्या बाजूला आलेली असते. खाली उष्ण हवेत तो बर्फ उलट लवकर वितळतो. काराकोरममध्ये शंभराहून अधिक हिमनद्या या स्वभावाच्या आहेत, म्हणून तिथे केवळ तोंड किती पुढे-मागे गेलं यावरून काहीही सिद्ध होत नाही. जाडी मोजावी लागते.

या मुसंडीची खरी धास्ती खालच्या गावांना. बाजूच्या दरीतून आलेली हिमनदी मुख्य नदीच्या पात्रात शिरते आणि समोरच्या कड्याला टेकते. नदी अडते, मागे तळं साचतं. बर्फाचं धरण तरंगतं, झिरपतं, आणि एक दिवस तळातून बोगदा पडून सगळं पाणी एकदम सुटतं. श्योकच्या वरच्या अंगाला चोंग कुमदान नावाची हिमनदी आहे. तिने विसाव्या शतकात नदी अडवली आणि १९२६, १९२९ आणि १९३२ मध्ये पूर आले. १९२९ चा सर्वांत मोठा. तळं दहाएक मैल लांब होतं. ऑगस्टच्या मध्याला धरण फुटलं, लाट श्योकमधून सिंधूत शिरली आणि हजारभर किलोमीटर खाली अटकेपर्यंत नदी चढली. ज्या अटकेच्या पार गेलेल्या झेंड्यांचा अभिमान आपण अजून मिरवतो, तिथलं पाणी कुठून येतं याची चौकशी मात्र आपल्याकडे फारशी कुणी केली नाही.

चौकशी केली ती केनेथ मेसन यांनी. ते सर्वेक्षण खात्यातले अधिकारी. १९२६ मध्ये शक्सगामचं खोरं नकाशावर आणायला गेले असता क्यागर हिमनदी खोऱ्यात आडवी पडलेली, म्हणून त्यांचा मार्ग खुंटला. मग या अडवणाऱ्या हिमनद्या हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. ‘हिमालयन जर्नल’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक; १९२९ च्या पहिल्याच अंकात त्यांनी श्योकच्या हिमनद्या आणि सिंधूचे पूर यांवर लिहिलं. ते जर्नल काढणाऱ्या हिमालयन क्लबचं मुख्यालय आज मुंबईत आहे. क्यागर आजही तळं साठवते आणि सोडते.

अगदी अलीकडचं सांगायचं तर हुंझातली शिश्पर. २०१८ पासून तिने मुसंडी मारली आणि शेजारच्या मुचुहर हिमनदीतून येणारा ओढा अडवला. तळं भरे, फुटे, पुन्हा भरे. उपग्रहांवरून त्याची वाढ आठवड्या-आठवड्याला दिसत होती. मे २०२२ मध्ये, त्या भागात उन्हाळा लवकर तापलेला असताना, ते फुटलं आणि हसनाबादचा काराकोरम महामार्गावरचा पक्का पूल दिवसाढवळ्या कोसळला. घरं आणि दोन वीजप्रकल्पही त्यात सापडले. माहिती होती, चित्रं होती; पण पूल काही उचलून बाजूला ठेवता येत नाही.

या डोंगरातली माणसं हिमनदीकडे कशी पाहतात, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांना पाणी हवं असतं ते एप्रिल-मे महिन्यांत, पेरणीला. हिमनदी मात्र जून-जुलैशिवाय सुटत नाही. वसंतातले ते सहा-आठ आठवडे हा इथल्या शेतीचा कायमचा पेच. बाल्टिस्तानात यावर एक जुना उपाय आहे, हिमनदी ‘लावण्याचा’. दगडांनी माखलेली काळपट हिमनदी ही नर, ‘पो’. स्वच्छ, निळसर-पांढरी ही मादी, ‘मो’. दोन्हींचे तुकडे खोदून आणायचे, पाठीवरच्या करंड्यांतून चढवायचे, वाटेत ओझं जमिनीला टेकवायचं नाही. मग उंचावर, उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या उतारावर, मोठ्या दगडांच्या राशीत ते तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे, सोबत पाण्याने भरलेले भोपळे, वर कोळसा, भुसा आणि दगड. काही वर्षांनी तिथे हिमनदी धरते, असं सांगतात.

धरते का? लग्न लावल्याने धरत नसणार. पण जागेची निवड पाहा. मोठ्या दगडांच्या राशीत थंड हवा खाली बसते आणि उन्हाळ्यातही हलत नाही. पडलेला बर्फ तिथे टिकतो. या गारव्याची खात्री करायची तर आपल्या बाजूला, श्योकच्या काठी १९७१ पासून भारतात असलेल्या तुर्तुक या बाल्टी गावात जावं. तिथे दगडांच्या फटींतून येणाऱ्या गार झुळकेवर बांधलेल्या ठेंगण्या दगडी खोल्या आहेत. बाहेर जुलैचं ऊन रणरणत असतं आणि आत दूध, लोणी, मांस टिकतं. त्यांचं जागेचं ज्ञान पक्कं आहे. कार्यकारणाची कथा त्यांनी आपल्या पद्धतीने रचली. लडाखच्या सिंधू खोऱ्यात चेवांग नोर्फेल या निवृत्त अभियंत्याने हिवाळ्यात ओढ्याचं पाणी सावलीत वळवून गोठवण्याच्या जागा केल्या, आणि सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या सुमारास बर्फाचे उंच स्तूप उभारले. तिघांचं गणित एकच, हिवाळ्यातलं पाणी वसंतापर्यंत अडवायचं.

प्राण्यांबद्दल थोडक्यात, कारण ते स्वतंत्र व्याख्यान होईल. हिमबिबट्या, ज्याला लडाखी लोक ‘शान’ म्हणतात. उभ्या कड्यांवरचा आयबेक्स म्हणजे ‘स्किन’. नदीकाठच्या उतारांवरची ‘शापो’ ही रानमेंढी. काठाला सीबकथॉर्नची काटेरी झुडपं, आपल्याकडे बाटलीतून मिळणाऱ्या ‘लेह बेरी’ रसाची. पुण्या-मुंबईहून लडाखला जाणाऱ्या सहलींत हुंदरची दोन वशिंडांच्या उंटावरची रपेट ठरलेलीच असते. हे उंट मूळचे तिथले नाहीत. लेहहून सासेर ला आणि ५,५४० मीटरची काराकोरम खिंड ओलांडून यारकंदला जाणाऱ्या व्यापारी तांड्यांबरोबर ते आले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो व्यापार बंद पडला, उंट मागे राहिले. ज्या वाटेवर जनावरांच्या हाडांचा सडा पाहून तांडे रस्ता ओळखत, तिथल्या उंटांच्या नशिबी आता सेल्फी आहेत.

सियाचीनचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि ते घेतलं की बाकी सगळं मागे पडतं. एकोणिसाव्या शतकात तिचं तोंड लोकांना ठाऊक होतं, लांबी नव्हती. ती १९०९ मध्ये टॉम लाँगस्टाफ यांच्या ध्यानात आली. १९१२ मध्ये फॅनी बुलक वर्कमन या अमेरिकी बाईंनी ती माथ्यापर्यंत पालथी घातली आणि तिथे हातात ‘व्होट्स फॉर विमेन’ असा मथळा असलेलं वर्तमानपत्र धरून फोटो काढून घेतला. बायकांना मताचा अधिकार मागायला केवढी उंच जागा निवडली! १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सेना या हिमनदीवर उतरली, आणि तेव्हापासून ती तिथे आहे. २००३ च्या अखेरीपासून तोफा थांबल्या. त्याआधीही गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि कोसळणाऱ्या बर्फाने अधिक माणसं नेली. एप्रिल २०१२ मध्ये पलीकडे गयारी इथे हिमकडा कोसळून पाकिस्तानी तळावरचे १४० जण गाडले गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत पडली आणि दहा जवान गेले. त्यांत एक सातारा जिल्ह्यातला होता. सहा हजार मीटरच्या आसपास काहीही कुजत नाही. डबे, पिंपं, गोळ्यांची टरफलं, सगळं बर्फाबरोबर सावकाश खाली चालत येतं, नुब्रेत उतरतं, तिथून श्योकमध्ये, तिथून सिंधूत.

आता हा जमाखर्च आज कुठे येऊन ठेपला आहे? २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये जगभरच्या हिमनद्यांची २००० ते २०१९ या काळातली पाहणी प्रसिद्ध झाली. काराकोरमचा हिशेब सुरुवातीच्या वर्षांत जुळत होता, नंतरच्या वर्षांत तोही तुटीकडे झुकला, असं तिच्यात दिसतं. हिवाळी बर्फाने जी ढाल धरली होती, तिच्यावर उन्हाळ्याची उष्णता मात करू लागली आहे. तूट अजून मोठी नाही. पण वरच्या सिंधूचं उन्हाळी पाणी मुख्यतः बर्फ आणि हिमनद्यांचं, आणि त्यावर खालच्या मैदानातलं प्रचंड कालव्यांचं जाळं बेतलेलं आहे. शिवाय जमाखर्च तुटीत गेला म्हणून मुसंड्या थांबतील असं समजायचं कारण नाही. मुसंडी हिमनदीच्या आतल्या घडामोडींवर चालते, हवामान तिचं वेळापत्रक पुढे-मागे करतं एवढंच.

आणि श्योकचं खोरं १९२९ सारखं ओस राहिलेलं नाही. दार्बुक-श्योक-दौलत बेग ओल्डी हा सुमारे २५५ किलोमीटरचा लष्करी रस्ता बराच काळ त्या नदीच्या काठाकाठाने जातो. ऑक्टोबर २०१९ मध्ये श्योकवर कर्नल चेवांग रिनचेन सेतू खुला झाला, समुद्रसपाटीपासून साडेचौदा हजार फुटांच्या वर, सुमारे चारशे मीटर लांब. कुमदानच्या हिमनद्या याच नदीच्या वरच्या अंगाला आहेत. त्यांच्यावर उपग्रहांतून नजर ठेवणं आज शक्य आहे. तिथल्या बर्फाची जाडी, तळाचं पाणी, वरची हिमवृष्टी यांची प्रत्यक्ष जागेवरची मोजणी मात्र फारच थोडी आहे. ती वाढवायची तर सैन्य आणि हिमनदीशास्त्रज्ञ यांनी एकत्र मोजणीचे खांब रोवावे लागतील, आणि त्या खांबांचे आकडे गोपनीय फायलींत न ठेवता छापावे लागतील.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. नकाशा इथे लावलाच आहे.